चटणीच्या आधी सांगणार

३ एप्रिल, गुरुवार
ऑर्डर आली. कंपनीचा डिझाइन विभाग पुरा बंगळूरला हलणार. त्याच्याबरोबर मी, बायको दानेश्वरी आणि आमची लेक शिवी. दोन जूनला हजर व्हायचं. पदाच्या आधी 'सीनियर' लागलं. कोल्हापूरकराला कागलच्या पुढं सगळा परदेशच, पण मी त्यातला न्हाय. माझे विचार मोठे हायत.

आईला आजच सांगणार हुतो. पेढे पण आणले. आईनं विचारलं, कशाचं रं रुद्र्या? मी म्हटलं, सहज. तिनं एक देवापुढं ठेवला, एक खाल्ला आणि माझ्याकडं बघत बसली. एकदा सहज म्हटल्यावर पुढं कसं सांगायचं?

ठराव: उद्या. लईत लई रविवार.

६ एप्रिल, रविवार
जेवताना विषय आईनंच काढला, पण चटणीचा. वर्षाची कांदा-लसूण चटणी करायची हाय, मिरची आणायला गाडीवरनं ने म्हणाली.

हे बेस झालं. मिरची घ्यायच्या आधी सांगणार. खाणारी तोंडं कमी झाली की मिरची कमी लागणार. आईला फुकटचे कष्ट नकोत. मी सगळ्या बाजूनं विचार करतो, हे घरात कुणाच्या लक्षात येत न्हाय.

१३ एप्रिल, रविवार
मिरची घेतली. सांगितलं न्हाय.

दरवर्षीपेक्षा जादा घेतली. ब्याडगी, संकेश्वरी, वर खोबरं, तीळ, धणे. पोतं पायात घेऊन गाडी चालवताना माझे गुडघे कानाला लागले. एवढी कशाला म्हटलं, तर म्हणाली, लागतीय की. बाजारात सांगितलं असतं, पण गर्दी, ऊन, आणि आईला बी.पी. (दानेश्वरी म्हणते, डॉक्टरनं गोळी कधीच बंद केली. असंल. पण बी.पी.चा काय भरवसा?)

ठराव: मिरची वाळायच्या आत.

१७ एप्रिल, गुरुवार
कन्नड शिकायला सुरुवात. मोबाईलवर अ‍ॅप घेतलं. आईचं माहेर निपाणीच्या पुढचं, ती झोपेतसुद्धा कन्नड बोलते. तिलाच विचारलं असतं, पण ती म्हणणार, आत्ताच कशाला? मग मला सांगावं लागणार. त्यामुळं बाथरूममध्ये नळ सोडून शिकतो. पहिलं वाक्य आलं: ननगे गोत्तिल्ल. म्हणजे मला माहीत नाही. उपयोगी वाटलं.

बाहेर आलो तर आई शिवीला ओंदु, एरडु, मूरु असे आकडे शिकवत बसलेली. भाजीचा भाव कसा विचारायचा, रस्ता कसा विचारायचा, सगळं. आईची भाषा नातीपर्यंत चालली हाय बघून लई बरं वाटलं. आई दूरदृष्टीची, पण तिला काय कल्पना!

२४ एप्रिल, गुरुवार
फ्लॅट व्हिडिओवर बघून पक्का केला. दोन बेडरूम. एक आमची, एक माझ्या ऑफिसच्या टेबलाला. घरी काम करणाऱ्या माणसाला शांतता लागते.

दानेश्वरी म्हणाली, मग आत्तींचं काय? मी म्हटलं, आईला ते शहर मानवायचं न्हाय. गल्ली सोडून ती जगायची न्हाय. ती म्हणाली, विचारलंय का तुमी? मी सांगितलं, काही गोष्टी लेकरांना न विचारता कळतात. विचारलं तर बिचारीला नको म्हणायला अवघड जाईल. तिला संकटात कशाला टाकायचं?

दानेश्वरीनं कपड्यांच्या घड्या जरा आपटत घातल्या. निदान जाणार हे तरी तू सांग म्हटलं, तर म्हणाली, आई तुमची, तोंड तुमचं.

३० एप्रिल, बुधवार. बसव जयंती, आणि अक्षय तृतीया पण
आज सांगणार हुतो. मग विचार केला, शुभ दिवशी आईच्या डोळ्यांत पाणी नको. पुरणपोळ्या खाल्ल्या. चार. अपराधी वाटलं की मला भूक लागते.

पेठ वडगावची आक्का सणाला आली हुती. तिला गच्चीवर नेऊन म्हटलं, थोरली बहीण म्हणून तू सांग. आक्काला बारीक आवाजात बोलता येत न्हाय. तिथनंच ओरडली की, तुझ्या लग्नाचं पण मीच बोललो, आता बंगळूरचं पण मीच बोलू? तोंडाला काय कुलूप घातलंयस व्हय? आई खाली अंगणातच भांडी घासत हुती. नशीब, नळ चालू हुता.

७ मे, बुधवार
ऑफिसातनं लवकर आलो. आई आणि मी दोघंच मिरचीची देठं मोडत बसलो. याच्यापेक्षा चांगला मोका मिळणार न्हाय म्हणून घसा खाकरला. आईनं पण हात थांबवला. तेवढ्यात मिरचीचा हात डोळ्याला लागला.

डोळे असे वाहायला लागले की काय सांगू. अशा तोंडानं सांगितलं असतं तर तिला वाटलं असतं मी रडतोय. गैरसमज नको. आई म्हणाली, जा, डोळं धू. परत येईस्तोवर सगळी देठं मोडून झालेली. तिचा हात लई चलाख.

११ मे, रविवार
आईनं ट्रंकेतल्या ठेवणीतल्या साड्या गच्चीवर उन्हाला घातल्या. इरकल, एक निळी, आक्काच्या लग्नातली एक. मी म्हटलं, आज काय विशेष? म्हणाली, कुठं जायचं झालं तर असाव्यात. मी हसून म्हटलं, तू कुठं जाणार हायस?

आईनं निळ्या साडीवरनं हात फिरवला. मग म्हणाली, व्हय की, मी कुठं जाणार. आणि उन्हं उतरायच्या आधीच साड्या गोळा केल्या. मी घड्या घालायला मदत केली. इथल्या शेवटच्या दिवसांत आईची जेवढी सेवा होईल तेवढी करायची असं ठरवलंय.

१५ मे, गुरुवार
आई आणि शेजारची धोंडुबाई पहाटेच डंकावर नंबर लावून बसल्या. दुपारी चटणी कुटून घरात. गल्लीभर ठसका. म्हणजे चटणीच्या आधी सांगायचं राहिलं. पण विचार केला तर चटणीचा आणि बंगळूरचा संबंधच काय? मीच उगाच जोडला हुता.

शिवीचा शाळेचा दाखला पण आला. गुपचूप काम झालं पायजे असं दानेश्वरीला बजावलं हुतं. कोण जाऊन आलं विचारलं, तर म्हणाली, झालं नव्हं काम? बायको हुशार मिळाली.

१८ मे, रविवार
आईनं वरच्या आमच्या दोन खोल्यांना रंग द्यायला काढला. मला गलबलून आलं. आमच्यासाठी रंग, आणि आम्ही चाललो! नको म्हटलं, तर म्हणाली, चांगलं दिसतंय की.

संध्याकाळी एक जोडपं आलं. आई म्हणाली, पावणं हायत, वर घेऊन जा. कुठले काय विचारलं न्हाय, माहेरकडचे असतील. घर दाखवलं. पाण्याला जोर कसा हाय, गच्चीवर वारं कसं येतं, सगळं सांगितलं. बाई कपाटं उघडून बघत हुती. माहेरची माणसं म्हणून सोडून दिलं. जाताना पावणं मला म्हणाले, घर पसंत पडलं. मी म्हटलं, आपलंच समजा.

३० मे, शुक्रवार
उद्या ट्रक येणार. आज सांगितलं.

भाषण चार पानी तयार हुतं. आई चटणीच्या बरणीच्या तोंडाला फडकं बांधत हुती. मी म्हटलं, आई, आम्ही बंगळूरला चाललोय. एवढ्यात भाषण संपलं.

आई म्हणाली, माहिताय की. पेढं आणलेल्या दिवशीच शिवीनं सांगितलं. दाखला मीच जाऊन आणला. वरच्या खोल्या एक तारखेपासनं त्या पावण्यांना भाड्यानं दिल्यात, तूच दाखवलास नव्हं घर?

मी म्हटलं, मग बोलली का न्हाईस? तर म्हणाली, तू बोलशील म्हणून थांबलो हुतो. रोज जेवताना तुझं तोंड उघडायचं. मला वाटायचं, आता. मग त्यात घास जायचा.

लाज वाटली. लई वाटली. पाया पडलो. तिनं पाठीवर हात फिरवला आणि बरणी माझ्याकडं सरकवली. एवढी मोठी बरणी, वर दोन डबे, सगळं आमचं. शिवीला तिखट सोसत न्हाय म्हणून तिची वेगळी. मी म्हटलं, तुझी कुठाय? तिनं फळीवर बोट दाखवलं. कॉफीची रिकामी बाटली हुती, तिच्यात भरलेली. एकटीला किती लागतीय, म्हणाली.

मग बरणीची गाठ परत सोडली, परत बांधली. अजून काय म्हणायचंय का, असं विचारलं. मी म्हटलं, न्हाय, झालं सगळं. जिवाला हलकं वाटलं. गाठ चांगली बसली हुती, परत का सोडली कळलं न्हाय.

८ जून, रविवार. बंगळूर
सगळं उत्तम चाललंय. फक्त पाणीवाला, भाजीवाली, वॉचमन यांच्याशी मला बोलता येत न्हाय. ते काय पण विचारू देत, मी ननगे गोत्तिल्ल म्हणतो. शिवी बोलते. कमरेवर हात ठेवून, एकदम आईच्या आवाजात.

दुपारी शिवी माझ्या टेबलाच्या खोलीत आली. म्हणाली, इथं आज्जीचा पलंग बसला असता. मी म्हटलं, आज्जीला असलं शहर आवडत न्हाय. शिवी म्हणाली, आवडतंय की. तिनं पिशवी पण भरलेली, वर फक्त निळी साडी ठेवायची हुती. बाबानं विचारलं की काढायची, सांगू नकोस म्हणाली. मग एक दिवस साड्या उन्हातनं आणल्या आणि पिशवी रिकामी केली.

दानेश्वरी चपात्या लाटत हुती. तिनं वर बघितलं न्हाय. तिला माहीत हुतं.

टेबल भिंतीला सरकवून बघितलं. पलंग बसतोय. आरामात बसतोय.

लगेच फोन लावला. ठरवलं, पहिलं वाक्यच ते. आई, इकडं येतीस का. एवढंच. कन्नड नको, भाषण नको. आईनं उचलला. मागं भाडेकरणीचा टीव्ही ऐकू येत हुता. मी म्हटलं, आई. ती म्हणाली, बोल की. मला वाटलं ती श्वास धरून बसलीय.

मी म्हटलं, जेवलीस का?

जेवलो, म्हणाली.