नव्यासारखी नळी

परभणी, सोमवार, दवाखाना बंद केल्यावर

पेडगावचे गुरुजी आज आले ते सुजलेले पाय घेऊनच. मणक्याच्या दुखण्यानंतर त्यांची लघवी आपोआप होत नाही. दोन महिन्यांपूर्वी मीच त्यांना रबरी नळी घालून लघवी काढायला शिकवलं. दर चार तासांनी घालायची, दर वेळी उकळायची. आज पाहतो तर नळी नव्यासारखी. इतकं उकळलेलं रबर असं राहतं होय?

"घालता ना, गुरुजी?"

"घालतो की, डॉक्टरसाहेब."

पडद्याबाहेर त्यांची बायको पुटपुटली, "सकाळी न् रात्री. मधी पानीसुदिक पीत न्हाईत." कान तिखट आहेत माझे.

मग गुरुजी बोलले. शाळेला संडास नाही. कडी असलेली एकच खोली, सामानाची. "आधीच विद्यापीठाच्या नामांतराचे दिवस. बौद्धवाड्यातला मास्तर आतून कडी लावून काय करायलाय, म्हणून गाव दारात उभं राहील."

खोली द्यावी म्हणून चिठ्ठी लिहायला घेतली, तर म्हणाले, "आजाराचं नाव तेवढं नका लिहू." मग ती चिठ्ठी मानणार कोण?

रक्ताचा रिपोर्ट वाईट आहे. तुंबलेल्या लघवीनं मूत्रपिंडं खराब केली. चार तास, चार तास असं मी घोकून घेतलं. कुठं घालणार, हे विचारलंच नाही. मी, बांधाआड बसून मोठा झालेला माणूस!

आजच भरती व्हा म्हटलं. "पोरांची परीक्षा उरकून येतो," म्हणाले. पंधरा दिवस. तेवढे त्यांच्याकडे नसतील, हे त्यांना सांगवलं नाही. बायकोला बाजूला घेऊन सांगितलं.

ती म्हणाली, "मला म्हाईत हाय."