लाल खड्याचं पाणी

आर्डोख, संत मार्टिनच्या सणाचा आदला दिवस

चि. सौ. बेथॉकला ताईचे आशीर्वाद.

इकडे सगळं ठीक. बाबांचा खोकला तसाच आहे. ओटचं पीक बरं आलं, हिवाळ्यासाठी बैल कापून मिठात घातले. एरवी पत्र पाद्रीबुवांकडून लिहवून घेतलं असतं, पण काही गोष्टी त्यांच्या कानावर जायला नकोत. अक्षर सांभाळून घे.

तुझा निरोप पोचला. पणजोबांनी धर्मयुद्धातून आणलेला लाल खडा पाण्यात बुडवून ते पाणी बाळाला पाजलंस, तरी ताप हटत नाही. वर सासूबाई म्हणतात, "माहेरच्यांनी काचेचा तुकडा देऊन आमची बोळवण केली." म्हणून मी यावं, असं तुझं म्हणणं.

कशी येऊ? खिंडीत बर्फ पडलाय. बाबांना कोण बघणार? शिवाय घोडी लंगडते.

घोडी लंगडत नाही, बेथॉक.

मागणी माझ्यासाठी आली होती. दोन घराण्यांचं वैर मिटावं म्हणून मला गिलेस्पीला द्यायचं ठरलं होतं. मग आई गेली आणि बाबा म्हणाले, "मरियोटा गेली तर घर कोण चालवणार? धाकटीला देऊ." थोरलीला मिळायचा तो खडाही तुझ्या हुंड्यात गेला. तो तुझ्या गळ्यात झळकत होता आणि मी पाहुण्यांना मटण वाढत होते. तेव्हा माझा नुसता जळफळाट झाला. अजून होतो. गिलेस्पी तुला काय म्हणून हाक मारतो, हेही मी तुझ्या निरोप्याला आडून आडून विचारलं.

खडा खराच आहे, पाणी चुकतंय. रीत आईने फक्त मला सांगितली होती. गावची माणसं आणि प्रेतयात्रा जिथून नदी ओलांडतात, तिथलं पाणी उजाडण्याआधी आणायचं. वाटेत चकार शब्द बोलायचा नाही. तू मोलकरणीला पाठवलं असशील आणि ती वाटभर बडबडली असेल.

आणखी एक. पाणी भरणारीच्या मनात पिणाऱ्याच्या घराबद्दल आकस असला, तर गुण येत नाही. म्हणून मी येत नाही. तू स्वतः जा.

ही रीत तेवढी माझ्याकडे उरली होती. आता तीही तुझी. बाळ बरं झालं की कळव.

तुझी थोरली,
मरियोटा