दुपारच्या गाडीनं गेलेलं रक्त

माय, तू गेलीस त्याला इतकी वर्षं झाली की तुझा चेहरा आठवायला मला जरा थांबावं लागतं. तुझी बोटं मात्र लगेच दिसतात. सकाळी उठल्यावर तासभर तुझी मूठ वळत नाही, सांध्यांवर सूज, लुगड्याची गाठसुद्धा मी मारून द्यायची. आणि खरं सांगू? मला त्या बोटांचा संशय यायचा. नागपूरच्या नर्सिंगच्या शाळेचं पत्र आलं की तुझं दुखणं वाढायचं. माझ्या जाण्याचा विषय निघाला की तुझ्या हातून तांब्या निसटायचा. ही माय मला घरी अडकवून ठेवायला कण्हते, असं माझ्या डोक्यात पक्कं बसलं होतं.

संशयात तूही काही कमी नव्हतीस म्हणा. गोंदियाच्या डॉक्टरनं संधिवातावर सोन्याची सुई सांगितली, तेव्हा सोनं आंगावर घालतेत का आंगात टोचतेत, असं तू भर दवाखान्यात विचारलंस. सुया मात्र घेतल्यास. सालेकशाचा कंपाउंडर दर आठवड्याला टोचायचा आणि मूठ थोडी वळायलाही लागली होती. पण रक्त द्यायचं म्हटलं की तुझं तोंड फिरायचं. डॉक्टर ते रक्त उंच काचेच्या नळीत उभं करून ठेवायचा आणि तासाभरात तांबडा भाग किती खाली बसला ते मोजायचा. जास्त बसला तर आतली सूज अजून जोरात आहे, कमी बसला तर ती शांत झाली. सुई चालू ठेवायची की थांबवायची, ते त्यावरून ठरायचं. माझं दुखणं मले नाही समजत, नळीले समजते, असं तू कंपाउंडरला सुनावलं होतंस. तो बिचारा हसला.

त्या भादव्यात तुला स्टेशनापर्यंतही चालवत नव्हतं. म्हणून कंपाउंडर सकाळी घरी आला, रक्त काढलं, गोठू नये म्हणून औषध घातलेल्या बाटलीत भरलं आणि मला गोंदियाची सकाळची गाडी पकडायला सांगून गेला. तो वळतो न वळतो तोच तू बाटली माझ्या हातातून काढून घेतलीस. कापलेली नखं आणि विंचरून निघालेले केस तू कधी उघड्यावर टाकले नाहीस. कोणाच्या हाती लागले तर करणी होईल ही तुझी भीती. मग रक्ताची अख्खी बाटली परक्या गावात तू कशी जाऊ देणार? भगताला बोलावणं गेलं, तर तो शेतावर, धानाच्या बांधीत. बाटली देवापुढे ठेवलेली, वर पितळी वाटी पालथी, आणि तू तिच्यावर नजर ठेवून बसलेली. भगत आला, पुटपुटला, तांदूळ ओवाळून टाकले, तोवर सकाळची गाडी कधीच निघून गेली होती. मी दुपारच्या गाडीनं गेले.

दवाखान्यात पोचले तेव्हा दिवस कलला होता. "खून कब निकाला?" डॉक्टरनं विचारलं. भगताचं सांगायची मला लाज वाटली. बारा बजे, म्हटलं. तासाभरानं नळी बघून तो खूश झाला. आकडा चांगलाच उतरला होता. सुई बंद, म्हणाला. म्हणजे तू बरी झालीस आणि मी सुटले, असं मला वाटलं. घरी येऊन तुला सांगितलं, तर तू मूठ वळून दाखवलीस. अर्धीच वळली. मी म्हटलं, "नळीले खोटं बोलता येत नाही, माय."

"मंग मी लबाडी करून राहिली का वं?" तू विचारलंस. तिसऱ्या दिवशी तूच म्हणालीस, जा नागपूरले.

दुसऱ्या वर्षी दिवाळीला आले, तेव्हा तुझी बोटं एका बाजूला कलली होती. घास उचलताना शितं सांडत होती आणि तू ती माझ्यापासून लपवत होतीस. सुया पुन्हा सुरू केल्या, पण वाकलं ते वाकलंच. रक्त फार वेळ पडून राहिलं तर ते नळीत कमी बसतं आणि आकडा फसवा येतो, हे मला नागपूरला शिकवलं तेव्हाच कळलं, असं मी आजवर सगळ्यांना सांगत आले. नवऱ्याला, मुलींना. आधी कुठून कळणार होतं, असंही वर म्हणते, आणि ते हळहळतात.

ते खरं नाही, माय. बाटली देताना कंपाउंडरनं मला दोनदा बजावलं होतं की दुपारनंतर हे रक्त कामाचं नाही. उशीर झाला तर फेकून दे, मी उद्या परत काढून देतो, म्हणाला होता. डॉक्टरनं विचारलं तेव्हा कंपाउंडरचं बोलणं मला शब्दन् शब्द आठवत होतं. भगताची लाजबीज काही नाही. मला जायचं होतं.