सहा राक्षसांचा समतोल

हिगाशीहामा, १४ नोव्हेंबर

चि. बंधू नोबुहारू यास,

अनेक आशीर्वाद. इकडे समुद्रावर गडगडाट सुरू झाला आहे. म्हणजे बुरी जातीचे मासे किनाऱ्याकडे वळले आणि आता चार महिने ऊन दिसायचं नाही. तुमच्या ओसाकात हिवाळा आवाज न करता येतो, त्यामुळे लोकरीचे मोजे बाहेर काढायची आठवण तुला कोणी करून देत नसेल. म्हणून मी देते. गुडघा कसा आहे? मिनाकोचा रक्तदाब? (तिला सांग, मिसो सूपमधलं मीठ कमी करायचं म्हणजे सूपात पाणी ओतायचं नसतं, भाज्या वाढवायच्या असतात. हे मी तिला तुमच्या लग्नाच्या वर्षीच सांगितलं होतं.) माझी प्रकृती उत्तम आहे. चौऱ्याहत्तराव्या वर्षी जेवढं दुखायला हवं तेवढंच दुखतं. हे पत्र केवळ खुशालीचं आहे. काम काही नाही, तेव्हा सावकाश वाच.

एप्रिलपासून आमच्या वस्तीच्या सभागृहाची दुरुस्ती निघणार आहे आणि वर्षभर एकच खोली उघडी राहील, वरच्या मजल्यावरची, जिला लागून स्वयंपाकघर आहे. दर बुधवारी मी तिथे अकरा जणांचं जेवण करते हे तुला ठाऊक आहे. अकराही जण एकटे राहणारे. त्यांतल्या त्सुबोउचीआजी एक्याण्णव वर्षांच्या आहेत. उरलेले सहा दिवस त्या पाव आणि कॉफीवर काढतात, बुधवारी भूक नाही म्हणत येऊन बसतात आणि भाताचा दुसरा वाडगा पुढे करतात. तीच खोली शेजारच्या निशिहामाच्या गानमंडळालाही हवी आहे. गाणाऱ्यांना स्वयंपाकघर कशाला, तर बिअर थंड करायला. यावर तीन सभा झाल्या. आम्ही म्हणालो, आधी निशिहामाने घ्यावी. ते म्हणाले, छे छे, मान हिगाशीहामाचा. तिन्ही सभांत दोन्ही बाजू एकमेकांपुढे वाकून वाकून हेच म्हणत राहिल्या, आणि कोणीही खोली सोडणार नाही हे सगळ्यांना स्वच्छ कळलं. शेवटी नगर कार्यालयाच्या माणसाने कपाळ पुसत तोडगा काढला, की ज्येष्ठांच्या शरद स्पर्धेत जो जिंकेल त्याची खोली. सगळ्यांना हायसं वाटलं. मला सर्वांत जास्त, कारण ती स्पर्धा हातोड्याने चेंडू कमानींतून काढायच्या खेळाची, गेटबॉलची असते आणि गेटबॉलमध्ये आम्ही सलग नऊ वर्षं जिंकलो आहोत.

पण गेटबॉलचं मैदान उन्हाळ्यातच एका औषधाच्या दुकानाच्या गाड्या लावायला गेलं होतं. मग नगर कार्यालयाच्या आरोग्य विभागाने ठरवलं की मेंदूला आणि बोटांना व्यायाम म्हणून यंदा स्पर्धा व्हिडिओ गेमची, राक्षसांच्या झुंजीची घ्यायची. ही सूचना घरोघर फिरणाऱ्या पाटीवर लावून आली होती. मी ती वाचली, नेहमीप्रमाणे कोपऱ्यात माझा शिक्का मारला आणि पाटी शेजारी दिली. नंतर विरोध करायला गेले तेव्हा त्या माणसाने माझाच शिक्का माझ्यापुढे धरला. मी वाचल्याचा मारला होता, मान्य असल्याचा नाही. पण शिक्का मारला म्हणजे मान्य केलं, असं छत्तीस वर्षं शाळेच्या मुख्याध्यापकांना मीच ऐकवत आले, त्यामुळे तशीच घरी परतले.

खेळ असा आहे. प्रत्येकाने सहा राक्षस निवडायचे. (खोक्यावर यांना राक्षस म्हटलं आहे. मला त्यांतले बरेचसे कुपोषित वाटले.) मैदानात एका वेळी एकच पाठवायचा. आपली पाळी आली की दोनांतली एकच गोष्ट करता येते, समोरच्याला मारायचं किंवा आपला राक्षस बदलायचा. बदललात तर पाळी तिथेच संपली, आणि नव्याने आलेला बिचारा नमस्कार करेपर्यंत समोरचा त्याला मारतो. कोणी आगीचा, कोणी पाण्याचा, कोणी मातीचा, कोणी विजेचा. पाणी आगीला भारी, वीज पाण्याला भारी, आणि मातीला वीज लागतच नाही. पुस्तिकेत पहिल्याच पानावर लिहिलं होतं, की जिंकायचं तर संघ समतोल हवा. हे वाचून मी पुस्तिका मिटली. समतोल हा विषय मला शिकवायला कुठली पुस्तिका लागत नाही. कानाझावाच्या कॉलेजात दोन वर्षं मी दुसरं शिकले काय, आणि छत्तीस वर्षं रोज चारशे साठ मुलांच्या ताटात दुसरं वाढलं काय?

ताटात तीन रंग हवेत. लाल अंग वाढवणारं, पिवळं ताकद देणारं, हिरवं प्रकृती राखणारं. त्या हिशेबाने मी दोन लाल, दोन पिवळे आणि दोन हिरवे राक्षस घेतले. पडद्यावर सहा जण ओळीने उभे राहिले तेव्हा ताट इतकं सुरेख दिसलं की मी त्यांना शाळेच्या स्वयंपाकघरातल्या माझ्या सहा बायकांची नावं दिली. पिवळं ढोबळं अस्वल हात्तोरीसान, हिरवी बेडकी निशिमुरासान, वगैरे. आमच्या ज्येष्ठांच्या क्लबातले कुराशिगेसान, जे चाळीस वर्षं बस चालवत होते आणि आता माझ्या जोडीला खेळतात, ते पडद्यावरचे राक्षस बोटाने एकेक मोजून म्हणाले की ताट झकास आहे, फक्त यांतले चार जण पाण्याचे आहेत. ते खरं निघालं. लाल खेकडा पाण्याचा, लाल मासा पाण्याचा, बेडकी पाण्याची, आणि हिरवा कोबी म्हणून मी जे घेतलं होतं ते समुद्री शेवाळ निघालं. राक्षसाची जात त्याच्या रंगावरून कळत नाही असं पुस्तिकेच्या दुसऱ्या पानावर होतं.

तरीही मी घाबरले नाही, कारण माझी शिस्त शिल्लक होती. माझ्या स्वयंपाकघरात कोणाही बाईने मोठं पातेलं लागोपाठ दोनदा उचललं नाही. भिंतीवर कामवाटपाचा तक्ता असे आणि त्याप्रमाणे सगळ्या फिरत. तसाच तक्ता मी या सहा जणांसाठी केला, पट्टीने रेघा मारून, आणि तो टीव्हीच्या बाजूला चिकटवला.

दोन तारखेला पहिली फेरी झाली. समोर निशिहामाचे अध्यक्ष नागाएसान, निवृत्त दातांचे डॉक्टर. माणूस विलक्षण सभ्य. त्यांच्याकडे विजेचे दोन राक्षस होते आणि प्रत्येक वार करण्याआधी ते माझ्याकडे वळून मान लववून म्हणत, “जरासं दुखेल हं, सेन्सेई.” (शाळा सुटली तरी सगळे मला अजून सेन्सेई, म्हणजे बाईच म्हणतात.) मी खेकडा पाठवला. त्याला वीज लागली. तक्त्याप्रमाणे त्याची पाळी संपली होती म्हणून त्याला विश्रांती दिली आणि मासा पाठवला. त्याला वीज लागली. मग बेडकी. मग शेवाळ. अस्वलाची पाळी आली तेव्हा पहिल्यांदाच वीज लागली नाही. सगळे टाळ्या वाजवू लागले. पण तक्त्यात पुढचं नाव पिवळ्या कोंबडीचं होतं, म्हणून मी अस्वलाला बसवलं आणि कोंबडी पाठवली. तक्ता असा तीनदा फिरला आणि आम्ही हरलो. नंतर यंत्रानेच आकडे दाखवले. माझ्या सहाही जणांना समसमान पाळ्या मिळाल्या होत्या, आणि सहा जणांनी मिळून मारलेले वार शून्य. इतकं न्याय्य कामवाटप मला नोकरीतसुद्धा जमलं नव्हतं. घरी जाताना कुराशिगेसान एवढंच म्हणाले, “सेन्सेई, तुम्ही मारणार कधी?” मी म्हणाले, “सगळ्यांची ओळख झाल्यावर.” ते मान डोलावून चालू लागले. बस चालवणाऱ्यांना प्रवाशांशी वाद न घालण्याची सवय असते.

नऊ तारखेची दुसरी फेरी त्यांची होती. माझा तक्ता त्यांनी अदबीने घडी करून खिशात ठेवला, अस्वलाला पुढे पाठवलं आणि शेवटपर्यंत तिथेच ठेवलं. अस्वल मातीचं, त्यामुळे वीज वाया गेली. समोरच्या बाकीच्या राक्षसांनी चावलं, ओरबाडलं, पण कुराशिगेसान एकच बटण दाबत राहिले. एका हात्तोरीसानने नागाएसानांचे सहाही राक्षस लोळवले आणि मग स्वतः थरथरत उभी राहिली. उरलेले आमचे पाच जण मागे नुसते बसून. आम्ही जिंकलो. सगळे उड्या मारत होते (त्सुबोउचीआजी बसल्याबसल्या), आणि मला मात्र त्या थरथरणाऱ्या अस्वलाकडे बघवेना.

आता एक एक अशी बरोबरी आहे आणि तिसरी फेरी तेवीस तारखेला, सुट्टीच्या दिवशी. नियम असा, की शेवटची फेरी अध्यक्षांनीच खेळायची. म्हणजे आमच्या क्लबाकडून मी. नागाएसान काही एकच मार दोनदा खाणारे नाहीत. त्यांनी सहाही राक्षस बदलल्याची बातमी आली आहे, तेव्हा अस्वलाच्या भरवशावर राहून चालणार नाही. मी रोज सकाळी व्यायामानंतर कुराशिगेसानांशी सराव करते. बारा झुंजींत अकरा हरले. बाराव्यात त्यांच्या यंत्राची बॅटरी संपली. आता रंग बघून निवडत नाही, तक्ताही काढून टाकला. तरी राक्षसाची ताकद अर्ध्यावर आली की माझा अंगठा आपोआप बदलायच्या बटणावर जातो. काल पुन्हा तसंच झालं तेव्हा कुराशिगेसानांनी यंत्र खाली ठेवलं आणि चाळीस वर्षांत कोणत्याही प्रवाशाशी बोलले नसतील अशा आवाजात म्हणाले, “सेन्सेई, त्याला थकू द्या. थकायलाच आलाय तो.”

याचं उत्तर त्यांना नाही, तुला देते. खरी हात्तोरीसान माझ्या नोकरीच्या पहिल्या वर्षी होती. ऐंशी किलो भात ती एकटी ढवळायची. हसतमुख, कधी नाही म्हणायची नाही. मी तेवीस वर्षांची होते आणि मला ते फार सोयीचं वाटलं. फेब्रुवारीत तिची पाठ गेली ती कायमची. तिने मला कधी बोल लावला नाही. तक्ता मी त्यानंतरच्या सोमवारी केला. पडद्यावरचं अस्वल झुंज संपली की टवटवीत होऊन बसतं, हे मला डोक्याने कळतं. अंगठ्याला अजून कळलेलं नाही. पण अकरा जणांच्या बुधवारचा प्रश्न आहे, तेव्हा नऊ दिवसांत अंगठ्याला कळावं लागेल.

असो. बाकी सर्व ठीक. छपरावरची कौलं नीट करून घेतली. आईच्या पुण्यस्मरणाला तू आणलेला केक देवाऱ्यापुढे ठेवल्यावर मीच खाल्ला. साखर जास्त होती. जपून राहा आणि रात्री उशिरा आंघोळ करत जाऊ नकोस.

तुझी ताई,
हिसाए

ता. क. सोबत वाळवलेली पर्सिमनची फळं पाठवली आहेत, बारा. सहा तुझी, सहा मिनाकोची. तिच्या वाट्याची खाऊ नकोस.

ता. क. २. काम काही नाही असं वर लिहिलं आहे ते पूर्ण खरं नाही. पुण्यस्मरणाच्या दिवशी भांडी पुसताना मिनाको बोलून गेली की तू रोज सकाळी हाच खेळ खेळतोस, देशभरातल्या खेळाडूंच्या यादीत तुझा क्रमांक चार आकड्यांच्या आत आहे, आणि मी फोन केला की तू यंत्र उशीखाली घालतोस. मी तेव्हा हातातलं ताट पुसून ठेवलं. आता विचारते. नागाएसानांपुढे मी कोणते सहा घेऊ, पहिला कोण पाठवू, आणि बदलायचं नाही तर नेमकं कधीपर्यंत नाही, हे मला लिहून पाठव. फोन करू नकोस, कागदावर लिही, मोठ्या अक्षरांत. मला ते टीव्हीच्या बाजूला चिकटवायचं आहे, जिथे तक्ता होता. मोठी बहीण म्हणून सांभाळून लिहू नकोस. चुकते तिथे चुकते म्हण. तेवीसच्या आधी पोचायला हवं. आणि जमलं तर तूच ये. खेळायला बसता येणार नाही, पण मागे बसता येईल.

ता. क. ३. तू चाळीस वर्षांचा असताना हा खेळ पहिल्यांदा आणलास, तेव्हा मी तुला चार पानी पत्र लिहिलं होतं. मिनाकोने ते अजून ठेवलं आहे म्हणे. चौथ्या पानावर मी लिहिलं होतं की यातून तू आयुष्यात कधी कोणाच्या उपयोगी पडणार नाहीस. ते पान मी मागे घेते. पहिली तीन कायम आहेत.