कढईचा तळ

आत्या, काल सकाळी मी तुमची कढई रिकामी केली. तुम्ही असतात तर झारा उगारून अंगावर आला असतात, आणि अर्ध्या वाटेत दम लागून बाकड्यावर टेकला असतात. तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली. तरी हे आधी तुम्हालाच सांगायला हवं, कारण तुमची सून म्हणून आले त्या दिवसापासून त्या कढईवर हक्क तुमचाच होता. मी नुसती उभी राहत होते.

लग्नाची हळद उतरली नव्हती तेव्हा तुम्ही मला जळकोटच्या हायवेवरच्या आपल्या पत्र्याच्या हॉटेलात आणलंत. ती संध्याकाळ मला अजून दिसते. गाड्या कमी झाल्यात, तुम्ही जुन्या धोतराच्या फडक्यातून दिवसभराचं तेल गाळताय, जळका चुरा मागं फेकताय आणि तेच तेल परत कढईत ओतून वर झाकण ठेवताय. सकाळी कढईला हळदकुंकू, मग त्या कालच्या तेलावर नव्या तेलाची भर. मी विचारलं, हे सगळं काढून नवं का घालत नाही? तुम्ही डोळे वटारलेत. "पोरी, कढई कदी रिकामी करायची न्हाय. तळ दिसला की बरकत गेली." म्हणजे माझ्या लग्नाआधीचं तेलसुद्धा थोडंफार त्यात होतंच. तेव्हा मला त्याचं कौतुकच वाटलं. सोलापूरकडं जाणारे ड्रायव्हर मुद्दाम गाडी थांबवायचे, असली भजी हैदराबादपर्यंत मिळत न्हाईत म्हणायचे. तुम्ही पदर नाकाला लावून पुढचा घाणा सोडायचात.

मग तुमचा खोकला. सगळे त्याला दमा म्हणाले, आम्हीही म्हणालो. तुम्ही आयुष्यात कधी मिश्रीसुद्धा लावली नव्हती. शेवटी शेवटी तुम्हाला आडवं होता येईना, बसूनच झोपायचात, आणि तुमचे चिरंजीव पाठीशी एकावर एक उशा लावून द्यायचे. तुमच्या जागी कढईसमोर मी उभी राहिले.

यंदा तोच खोकला मला लागला. आधी वाटलं मिरचीचा ठसका असेल. मग हॉटेलातून घरापर्यंतच्या चढावर थांबावं लागायला लागलं, तेव्हा तुळजापूरला डॉक्टरीणबाईंकडं गेले. त्यांनी एका नळीत जोरात फुंकायला लावलं, कागद बघितला आणि विचारलं, "बिडी ओढता का?" मला हसूच आलं. "आमच्यात बाया बिडी वडत न्हाईत," म्हटलं. "मग घरात कोण ओढतं?" "कुणीच न्हाय." तेव्हा त्यांनी काम विचारलं. मी सांगितलं, तेल कसं सांभाळतो तेही जरा अभिमानानंच सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, तेच तेल पुन्हा पुन्हा तापवलं की बिघडतं, काळं चिकट होतं, लवकर धुरावतं. तो धूर रोज तुमच्या छातीत जातो. खाणाऱ्यांच्या काळजालाही ते तेल बरं नाही. मी विचारलं, पण घाण्यावरचं करडीचं चांगलं तेल असलं तर? "तेल कुठलंही असो, जळलं की जळलं. हे असंच चाललं तर पुढं तुम्हाला घरातल्या घरात चालणंही जड जाईल." परतताना एसटीत मला तुम्हीच दिसत होता, बसून झोपलेल्या.

चिरंजीवांना सांगितलं तर त्यांचा पारा चढला. "त्या डाक्टरणीला काय कळतंय? आईनं जिंदगी काढली ह्या कढईवर." मी म्हटलं, काढली न्हाय, घालवली. त्यानंतर घरात अबोला. त्यांनी मला बाजारातून एक रुमाल आणून दिला, तोंडाला बांधायला. एवढीच काय ती माया. मी तो बांधून भजी तळायची, खोकायची, आणि ते गल्ल्यावर बसून दुसरीकडं बघायचे. प्रत्येक खोकल्यावर त्यांचा जबडा आवळलेला मला दिसायचा. मला भीती वाटत होती, आत्या. मरणाची कमी, तशा बसून काढायच्या रात्रींची जास्त.

काल ते नळदुर्गला बटाटे आणायला गेले आणि मी तेल डब्यात उपसलं. तळाला काळा थर बसलेला, उलथन्यानं खरवडला तर डांबरासारखा सोलून निघाला. हीच ती बरकत, असं मनात आलं आणि मला तुमचा राग आला. लई राग आला. इतका की कढई घासता घासता मी तुम्हाला तोंडावर बोलत होते. मग नवं तेल ओतलं. त्यातून तळ स्वच्छ दिसत होता.

ते आले, कढईत बघितलं आणि जागेवरच थांबले. समोर गिऱ्हाईक बसलेलं. त्यांनी पोतं टाकलं, सरळ जुन्या तेलाचा डबा उचलला आणि कढईवर धरला. "सरक."

मी सरकले नाही. "ओता," म्हटलं. "पर आधी एक सांगा. आत्यांना तुमी उशा लावून देत हुता. मला किती लावनार?"

डबा तसाच हवेत. तेल काठापर्यंत येत होतं. एक थेंब पडला असता तरी मी पुढं काही बोलू शकले नसते. मग त्यांनी डबा खाली ठेवला, माझ्या हातातून झारा घेतला आणि म्हणाले, "तू भाईर बस. वाऱ्याला." स्वतः घाणा सोडला. चार भजी माझ्यापुढं ठेवली, एक स्वतः तोंडात टाकलं. बराच वेळ चावत राहिले. डोळे भरले होते, ते त्यांनी कांद्यावर ढकललं.

"आईच्या हातचीच चव हाय न्हवं?" त्यांनी विचारलं.

"व्हय," मी म्हटलं. "तीच."

हे पत्र कुठं टाकायचं नाही, म्हणून तुम्हाला खरं सांगते. तीच नाही, आत्या. आम्ही सगळे तुमच्या हातची म्हणत होतो ती चव त्या जळक्या तेलाची होती. छातीतून अजून शिट्टी वाजते आहे, तरी जिभेला तीच हवी आहे.