बिनदुधाची कॉफी

३ नोव्हेंबर
आजपासून या घरात माझ्या कॉफीचं दूध बंद. साखर मागच्या आठवड्यात गेली, पाठोपाठ जायफळ. उरलं ते कृष्णवर्ण, कषाय, काढासदृश द्रव्य. बायकोचा, म्हणजे शुभाचा, निकाल: "काळीच प्यायची. ऋचा म्हणालीय."
कन्या न्यूट्रिशन शिकते. कॉफीने म्हणे रक्तातले अँटिऑक्सिडंट वाढतात, यकृताला बरं. दुधाने ते कमी होतात का, विचारलं. "बाबा, द एव्हिडन्स इज मिक्स्ड." पुरावा संमिश्र, शिक्षा निर्भेळ.
निमित्त: रक्तात यकृताचे आकडे चढलेत. डॉक्टरीणबाईंनी पुन्हा तपासायला सांगितलंय, फास्टिंग.
माझे वडील, नाना, यकृतानेच गेले. दारूचा थेंब नाही. माझ्याच वयाचे होते. ऋचाला हे सांगितलेलं नाही.

६ नोव्हें.
विंटर टायर लावले, गाडीला खालून गंजरोधक तेल मारलं. आमच्या मिल्टन गावातल्या रस्त्यांवर आता बर्फ वितळवायला मीठ पडेल, त्याने पत्रा गंजतो. तेल म्हणजे गाडीचे अँटिऑक्सिडंट. मेकॅनिक खाली वाकून म्हणाला, "लुक्स ग्रेट फ्रॉम आउटसाइड, बडी. आत सुरू झालंय."
गाडीबद्दलच बोलत होता.

८ नोव्हें., संकष्टी
लॅब. पंजाबी मुलगी, गोड.
"अंकल, खाली पेट?"
"बिलकुल. आज तो उपवास भी है."
"कुछ पिया?"
"बस, कॉफी. काली."
"अंकल! सिर्फ पानी बोला था!"
परत पाठवलं. गाडीत शुभा घुश्शात. "उपासाला कॉफी चालते की नाही?" म्हटलं, गणपतीला चालते, लॅबला नाही. दोघं हसलो.
सुई टळली म्हणून किती हायसं वाटलं, ते इथेच लिहितो.

१२ नोव्हें.
फक्त पाणी पिऊन गेलो. रक्त दिलं. दुपारी अल्ट्रासाउंड. टेक्निशियन बाई आधी बर्फाबद्दल बोलत होत्या. मग फक्त सूचना: श्वास धरा, सोडा. परत धरा. उजव्या बरगडीखाली तीच जागा, पुन्हा पुन्हा.
"एव्हरीथिंग ओके?"
"युअर डॉक्टर विल टॉक टु यू."
घरी येऊन काळी कॉफी दोनदा. स्वतःहून.

१८ नोव्हें.
मी दारातला बर्फ शोव्हल करत असताना क्लिनिकचा फोन, शुभाने घेतला.
"उद्या सकाळी बोलावलंय."
"काय म्हणाले?"
"फोनवर सांगत नाहीत. दोघांनी या म्हणाले."
'दोघांनी' हा शब्द तिने अगदी हळू उच्चारला.
संध्याकाळी अथर्वशीर्ष म्हणायला बसलो. मुंजीपासून पाठ. मध्येच अडलो. पुढचं आठवेना.

१९ नोव्हें., सकाळ
शुभाने कप आणून ठेवला. दूध. साखर. वर जायफळही किसलेलं. मी मागितलं नव्हतं.
"अगं, माझे अँटिऑक्सिडंट?"
"प्या हो गप."
माझ्याकडे पाठ करून सिंकपाशी उभी राहिली. नळ सोडलेला, सिंकमध्ये भांडं एकही नाही.
इतके दिवस याच दुधासाठी भांडलो. आज मिळालं तर नको झालंय. नानांसारखं होईल, ही भीती आहेच. पण शुभाने ते गृहीत धरूनच दूध घातलंय का, याची जास्त आहे. काल फोनवर तिला आणखी काही सांगितलं का? विचारायचा धीर नाही.
कप अर्धा आहे. ती कोट घालून, गाडीची किल्ली हातात घेऊन दारात उभी आहे. वही मिटतो.