वाघाच्या तोंडातलं बिस्कीट

प्रिय ताई,

फोन असताना पत्र कशाला, असं तू मोठ्याने म्हणशील, शेजारी कोणी असो वा नसो. उत्तर शेवटी आहे. तुला कुठलीही गोष्ट शेवटापासून वाचायची खोड आहे हे ठाऊक आहे मला. पण या वेळी धाकट्या भावावर एवढी कृपा कर आणि वरून खाली ये.

इकडे सगळे बरे आहेत. तुझी भावजय चष्म्याच्या दुकानात दिवसभर लोकांकडून बारीक अक्षरं वाचून घेते आणि संध्याकाळी किराणा दुकानात स्वतः वाचत उभी राहते. पाकिटांच्या पाठीवरच्या वाङ्मयाचा तिच्याइतका व्यासंग कोणाचा नसेल. 'यात शेंगदाण्याचे अंश असू शकतात.' व्याकरणाचा मास्तर म्हणून मला त्या 'असू शकतात'चा फार संताप येतो. असतील तर असतात म्हणा, नसतील तर नसतात म्हणा, मोकळे व्हा! पण आमच्या लाडक्या लेकीला, भिंगरीला, आता अकरावं लागलंय, आणि आमचा संसार इतकी वर्षं त्या 'असू शकतात'मध्येच चाललाय.

सुरुवातीला तर तू होतीसच. माझ्या बोटाला लागलेलं पीनट बटर तिने चाटलं, बघता बघता ओठ सुजले, रडण्याचा आवाज घोगरा झाला, आणि तू तिला काखोटीला मारून तुझ्या गुरांच्या दवाखान्याच्या व्हॅनकडे धावलीस. मागे उपचाराला आणलेली कोणाची तरी शेळी होती. ती बिचारी हॉस्पिटलपर्यंत आमच्याबरोबर आली आणि वाटभर माझ्याऐवजी ओरडत राहिली. डॉक्टर नंतर म्हणाले, 'जरा उशीर झाला असता तर...' ते वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. मीही अजून कोणाला करू दिलेलं नाही.

तेव्हापासून इंजेक्शनची दोन पेनं ठेवलेली पिवळी पिशवी आमच्या घरातलं चौथं माणूस आहे. मी तिला 'कवच' म्हणतो, भिंगरी 'पिवळाबाई' म्हणते. पिवळाबाई घेतल्याशिवाय आम्ही कचरा टाकायलासुद्धा खाली उतरत नाही. तुझ्याकडे सुट्टीत येतो तेही कसे, तर आमचा तवा, आमची कढई, आमचे चमचे, डब्यांची उतरंड! तू म्हणालीसही होतीस, 'अरे पंडिता, राहायला आलायस की स्वारीवर निघालायस?' तुझ्या घरातला दाण्याचा डबा आम्ही यायच्या आधी तू बाहेर काढतेस, ओटा दोनदा पुसतेस आणि वर कपाळाला आठी पाडत नाहीस. हे तुला कधी सांगितलं नव्हतं. लगेच फुगू नकोस.

आता मुख्य बातमी. गेल्या रविवारी समोरच्या पोस्टमास्तरांच्या मुलीचा वाढदिवस होता. भिंगरीला पोचवायला मी गेलो. पोचवून परत यायचं असतं, असं तिने जिन्यातच बजावलं होतं. पण मी 'जरा पाणी पितो' म्हणून जो टेकलो तो टेकलोच. इतर मुलांचे आईबाप केव्हाच गेले होते. यजमानांच्या थोरल्या मुलीने काय करावं? सगळ्या मुलींची तोंडं वाघासारखी रंगवली. पिवळे गाल, काळे पट्टे, मिशा. खोलीभर सारख्या उंचीच्या वाघिणी हुंदडत होत्या. एवढ्यात मला दिसलं, की दोन वेण्यांची एक वाघीण दाणे लावलेलं बिस्कीट तोंडात घालतेय. ताई, नंतरचं मला नीट आठवत नाही. मी खुर्ची उलथवून झेप घेतली, एका हाताने तिचं डोकं धरलं आणि दुसऱ्या हाताची बोटं तिच्या तोंडात घालून बिस्कीट बाहेर काढलं. वाघीण मला कडकडून चावली. आणि मग तिने जो टाहो फोडला, तो भिंगरीचा नव्हता! ती कोपऱ्यावरच्या दातांच्या डॉक्टरांची कन्या निघाली. दात उत्तम आहेत, एवढं मी त्यांना प्रमाणपत्र देऊ शकतो.

आमची वाघीण खिडकीशी घरून नेलेला डबा उघडून शांतपणे खात बसली होती. ती उठली, त्या पोरीचे डोळे पुसले, 'सॉरी हं, आमचे बाबा असेच आहेत' म्हणाली, सगळ्यांसमोर, आणि पिवळाबाईला खांद्याला अडकवून निघाली. पोस्टमास्तरीणबाई मला हळूच म्हणाल्या, 'अहो, तिने आल्याआल्याच मला विचारून घेतलं होतं. काय चालतं, काय नाही, सगळं तिनेच सांगितलं. पिशवी कुठे ठेवलीय तेही दाखवलं.'

रस्ता ओलांडेपर्यंत ती माझ्यापुढे चालत होती. फाटकापाशी वळली. गालावरचे पट्टे ओघळले होते. म्हणाली, 'बाबा, मी दर वेळी विचारते. पण तू माझ्या आधी विचारतोस ना, म्हणून तुला कधी ऐकूच येत नाही.' मी काहीतरी बोलायला गेलो तर म्हणाली, 'तू माझ्याकडे बघतच नाहीस. माझ्या हातात काय आहे तेवढंच बघतोस.'

जेवताना तिने जाहीर केलं, 'मला सुट्टीत आत्याकडे जायचंय. एकटीला.' मी मुद्दे काढले. मांडणी सुरेख होती. तुझी भावजय चष्मा पुसत सगळं ऐकून म्हणाली, 'झालं? जाऊ दे तिला.' भिंगरीने सरावाचं बिनसुईचं पेन आणलं आणि माझ्याच मांडीवर असं काही दाबून धरलं की मी मुद्दा विसरलो. डॉक्टरांना विचारलं तर तेही फितूर: 'तिला तुमच्यापेक्षा चांगलं जमतं, मास्तर.'

तेव्हा शनिवारी ती येतेय. तिची आई तिला तुझ्या दारापर्यंत सोडून लगेच परत फिरेल. मला बसस्टॉपच्या पुढे यायची परवानगी नाही. बाबाने आत्याला एकही सूचना द्यायची नाही, अशी अट आहे, आणि मी ती पाळतोय, वाचून बघ. मागतोय ते वेगळंच. रोज संध्याकाळी ती आरशासमोर उभी राहून काहीतरी म्हणत असते. काल दाराआडून ऐकलं: 'आत्या, मला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे. मी सांगते, नीट ऐक हं.' तुला यातलं अक्षरन् अक्षर ठाऊक आहे. तिला तू हॉस्पिटलात पोचवलं नसतंस तर हे सांगायला ती नसती. तरीही ती दारात उभी राहून सांगायला लागली की 'माहितीये गं' म्हणू नकोस. ती आत्ताच पहिल्यांदा सांगतेय, आणि तू आत्ताच पहिल्यांदा ऐकतेयस, असं ऐक. मला ते अजून जमत नाही, आणि फोनवर बोललो तर ती ऐकेल. म्हणून हे पत्र.

तुझाच धाकटा